अम्मीच्या वह्या, कॉम्प्युटरच्या फायली

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. आम्ही फळ्यावर डावीकडून उजवीकडे लिहीत असतो, त्याच वेळी शेजारच्या वर्गातले मास्तर उजवीकडून डावीकडे लिहीत असतात, आणि मुले दोन्हीकडचे न अडखळता वाचतात. अडखळतो तो कॉम्प्युटर. गेली चार वर्षे आम्ही एका पुस्तकाचे हस्तलिखित तयार करत आहोत. त्यातला लेखनाचा वेळ थोडा. फाईल कोणत्या प्रकारात ठेवायची आणि ठेवलेली फाईल का उघडत नाही, यातच जास्त वेळ गेला. हा काय साहित्याच्या वार्षिकाचा विषय आहे का, असे एका स्नेह्याने विचारले. आमचे म्हणणे असे की, ज्यांच्या घरातले साहित्य दोन लिप्यांमध्ये वाटले गेले आहे, त्यांनी तरी हा विषय डीटीपीवाल्याच्या गळ्यात टाकून मोकळे होऊ नये.

पुस्तक अम्मीचे आहे. मिरज, सांगली आणि आसपासच्या गावांतल्या बायका चक्कीवर, पाळण्याजवळ आणि हळदीच्या रात्री जी दखनी गाणी म्हणत, ती तिने तीस-पस्तीस वर्षे जमवली. भाषा दखनी, पण मध्येच एखादी ओळ सरळ मराठी. लिहिली मात्र सगळी उर्दू लिपीत, कारण अम्मी उर्दू शाळेत शिकली. अशा सात वह्या झाल्या. त्यांचे पुस्तक करायचे तर प्रत्येक गाणे आधी उर्दू लिपीत, मग देवनागरीत आणि खाली मराठीत अर्थ, असे आम्ही ठरवले. देवनागरी का, तर आमच्याच घरातल्या पुढच्या पिढीची मुले मराठी आणि इंग्रजी माध्यमात आहेत. नानीची वही त्यांना वाचता येत नाही.

त्या वह्या आता नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले होते. वह्या मामूंच्या घरी, खालच्या खोलीत लोखंडी पेटीत होत्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तेव्हा शाईचे निळे पाणी आणि कागदाचा लगदा एवढेच होते. तोवर ‘फाईल’ ही आमच्या लेखी वहीची नक्कल होती. त्या दिवसापासून फाईल हेच मूळ हस्तलिखित झाले.

पहिल्या सहा वह्या २००६ साली एका दुकानात इनपेजमध्ये टाईप करून घेतल्या होत्या. उर्दू पुस्तकांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना इनपेज सांगायला नको. इतरांसाठी थोडे मागे जावे लागेल. नस्तालीक लिपीत अक्षर शेजाऱ्याला पाहून रूप बदलते आणि शब्द वरून खाली तिरका उतरत येतो. शिशाच्या खिळ्यांना हे कधी नीट जमले नाही, म्हणून छपाईयंत्रे आली तरी उर्दू वर्तमानपत्रे कातिबाच्या हातानेच लिहिली जात होती. मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरजोडांची सुमारे २० हजार रूपे काढून मोनोटाईप कंपनीच्या यंत्रासाठी ‘नूरी नस्तालीक’ तयार केले, आणि १९८१ पासून पाकिस्तानातले ‘जंग’ हे दैनिक त्यात निघू लागले. दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ मध्ये काढलेल्या इनपेजने तेच वळण साध्या कॉम्प्युटरवर आणले. आमच्या गाण्यांचे टायपिंग करणारे चाचा पूर्वी कातिबच होते. त्यांनी टाईप केलेली पाने आजही पाहावीत इतकी देखणी आहेत.

देखणेपण पडद्यावर होते. फाईलच्या आत वेगळाच कारभार होता. जुन्या इनपेजची फाईल इनपेजखेरीज कुणाला वाचता येत नसे. तो मजकूर वर्डमध्ये चिकटवला की कोणत्याच भाषेत नसलेली चिन्हे उमटत. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यायचे काम सुरू झाले. जुने इनपेज मात्र स्वतःचेच क्रमांक वापरत होते. घरातल्या घरात बोलायची सांकेतिक भाषाच म्हणा ना.

मराठीकडे तरी वेगळे काय होते? २००८ मध्ये पहिल्या तीन वह्यांचे मराठी अर्थ आम्ही दुसऱ्या दुकानात टाईप करून घेतले. श्री-लिपीचा फॉन्ट आणि पेजमेकर, तेव्हाचा शिरस्ताच तो. त्या फॉन्टांत खाली इंग्रजी अक्षर असते आणि वर मराठीचा मुखवटा. मुखवटा असलेल्या मशीनवर मजकूर मराठी दिसतो. नसलेल्या मशीनवर इंग्रजी अक्षरांची आणि उद्गारचिन्हांची खिचडी. शिवाजी, कृतिदेव, आकृती ही सगळी त्याच जातीची मंडळी, पण प्रत्येकाचा मुखवटा निराळा. म्हणून अशी जुनी फाईल हाती आली तर पहिले काम म्हणजे फॉन्टचे पूर्ण नाव, पुढच्या आकड्यांसकट, कागदावर उतरवून घेणे. ‘श्री-लिपी आहे’ एवढ्याने भागत नाही. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला नेमका नकाशा दिला नाही तर जोडाक्षरे भलतीच होतात, आणि ती चूक पान चाळताना दिसत नाही, वाचताना खुपते.

त्या मजकुरावर वर्डचा ‘शहाणपणा’ चालू देऊ नये, हेही सांगून ठेवतो. वाक्याचे पहिले अक्षर मोठे करायची वर्डला खोड आहे. इंग्रजीत ते ठीक. पण मुखवट्याखालचे छोटे अक्षर मोठे झाले की वरचे मराठी अक्षरच बदलते. आमच्या एका सहकाऱ्यांच्या कथासंग्रहात दर परिच्छेदाचा पहिला शब्द बिघडलेला होता, आणि दोष बिचाऱ्या प्रूफवाचकाला लागला.

पेजमेकरमधून मजकूर बाहेर काढताना नुसता टेक्स्ट घ्यावा की आरटीएफ, असा प्रश्न पडतो. आमचे मत आरटीएफ. नुसत्या टेक्स्टमध्ये फॉन्टचे नाव गळून पडते. मग मराठी अर्थांत मध्ये आलेला खरा इंग्रजी शब्द कोणता आणि मुखवट्याखालचा कोणता, हे रूपांतर करणाऱ्याला कळायचे कसे? तो सरसकट सगळ्याची मराठी करून टाकतो. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याला फॉन्टच्या नावाची चिठ्ठी चिकटलेली राहते. आरटीएफ हा जुना प्रकार आहे, १९८७ चा. मायक्रोसॉफ्टने २००८ नंतर त्यात भर घातलेली नाही. नवे हस्तलिखित त्यात ठेवू नये. पण जुन्या घरातून सामान बाहेर काढायला ती हातगाडी अजून उपयोगी आहे.

इनपेजची सीडी वाचायला आधी सीडीचा खण असलेला कॉम्प्युटर शोधावा लागला. तो मिळाला एका झेरॉक्सच्या दुकानात. फाईल इनपेजच्या नंतरच्या, युनिकोड जाणणाऱ्या आवृत्तीत उघडली आणि तिथून मजकूर वर्डमध्ये आणला. सहा वह्यांतल्या २१४ गाण्यांपैकी २०५ आली. उरलेली नऊ दुकानात कधीतरी चित्र म्हणून साठवून ठेवलेली होती. चित्रातले अक्षर डोळ्याला दिसते, कॉम्प्युटरला नाही. ती नऊ गाणी आम्ही पुन्हा टाईप केली.

आलेल्या गाण्यांतही एक मख्खी होती. उर्दूची ‘ये’ आणि अरबीची ‘ये’, उर्दूचा ‘काफ’ आणि अरबीचा ‘काफ’ यांना युनिकोडमध्ये वेगवेगळे क्रमांक आहेत. शब्दाच्या मधोमध दोन्ही सारखेच दिसतात. ‘चक्की’ हा शब्द शोधायला सांगितला तर काही ठिकाणी सापडे आणि काही ठिकाणी समोर दिसत असूनही सापडत नसे. शब्दसूची करताना हे ध्यानात आले. मग ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळ्या अरबी ‘ये’ आणि ‘काफ’ उर्दू केल्या. मराठीत असाच घोळ ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चा. ‘तऱ्हा’ हा शब्द दोन रीतींनी साठवता येतो. दिसायला एक, शोधायला दोन. आणि ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. जुन्या फॉन्टमध्ये ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन दिसला तर घाबरू नये, फॉन्ट बदलावा, अक्षर आत शाबूत असते.

आता सातवी वही. ही अम्मीने २००६ नंतर लिहिली, म्हणून ती इनपेजच्या दुकानात गेलीच नव्हती. २०१२ मध्ये तिच्यातली ११ गाणी एका सायबर कॅफेतल्या मुलाने युनिकोड उर्दूत टाईप करून दिली. टाईप उत्तम केले. साठवली मात्र नोटपॅडमध्ये, ‘अ‍ॅन्सी’ या प्रकारात. तेव्हा नोटपॅडचा तोच ठरलेला प्रकार असे. तो प्रकार इंग्रजी आणि युरोपी अक्षरांपुरता. उर्दू, मराठी त्यात मावत नाही. साठवताना नोटपॅड तशी सूचना देते, पण सूचनेवर ‘ओके’ दाबणे हा कॅफेतल्या हातांचा स्वभाव. २०१९ च्या मे महिन्यात विंडोज १० ची जी सुधारणा आली, तिच्यापासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये साठवू लागले, आणि यूटीएफ-८ मध्ये सगळ्या लिप्या मावतात. पुराच्या तीनेक महिने आधीची ही गोष्ट. आमच्या सातव्या वहीला तिचा उपयोग नव्हता.

ती फाईल उघडली तर प्रश्नचिन्हे. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे. अम्मी चष्मा लावून पडद्याजवळ आली आणि म्हणाली, “ये क्या, सवालां-च-सवालां लिख को रखे? इसमें गाना कां है?”

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा. फाईल उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरे दिसली तर आशा ठेवावी. मजकूर आत आहे, फक्त तो वाचायची किल्ली चुकली आहे. पण प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर प्रत्येक अक्षराचा क्रमांक पुसून त्याजागी प्रश्नचिन्हाचा क्रमांक लिहिला गेलेला असतो. फॉन्ट बदला, प्रोग्राम बदला, जाणकाराकडे न्या. अक्षर परत येत नाही.

एक गोष्ट मात्र त्या फाईलीत उरली होती, आणि ती ध्यानात यायला आम्हांला दोन दिवस लागले. एका अक्षराला एक प्रश्नचिन्ह. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच होत्या, ओळीही जिथल्या तिथे तुटत होत्या. म्हणजे गाण्याचा सांगाडा शिल्लक होता: पहिल्या ओळीत पाच शब्द, त्यात पहिला तीन अक्षरांचा, दुसरा पाचांचा, असा. अम्मीला गाणी पाठ नव्हती असे नाही, पण वय सत्तरीच्या पुढे, आणि एका गाण्याच्या ओळी दुसऱ्यात शिरायच्या. आम्ही सांगाडा कागदावर मांडला. अम्मी आठवून म्हणायची, आम्ही उर्दू हिज्जे करून अक्षरे मोजायचो. ‘भाई’ हा शब्द कानाला दोन अक्षरांचा, पण उर्दूत बे, दोचश्मी हे, अलिफ, हमजा आणि ये, अशी पाच प्रश्नचिन्हे. पाच चिन्हांचा शब्द आला की अम्मी आधी ‘भाई’ म्हणून पाहायची, आणि बायकांची गाणी असल्यामुळे तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

तीन चिन्हांपाशी गाडी अडायची. ‘माँ’ तीन अक्षरांचा, ‘बहन’ तीन अक्षरांचा, आणि ‘चक्की’सुद्धा तीनच. एका ओळीत माहेरची आठवण काढणारी बाई आईला हाक मारते की बहिणीला, हे मोजून ठरत नव्हते. आम्ही दोन्ही रूपे म्हणून दाखवली. अम्मी बराच वेळ जात्याची मूठ धरल्यासारखा हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “माँ नको लिख. ये गानेवाली की माँ मर को गई थी, उने बहन-च बोलती थी.” गाणारणीचे नाव तिला आठवत नव्हते, तिची आई गेलेली होती हे आठवत होते. ‘बहन’ लिहिले.

असे पावणेदोन महिने, शाळा सुटल्यावर. ११ पैकी आठ गाणी उभी राहिली. तीन राहिली नाहीत. सांगाडा आहे, आठवण नाही.

दोन्ही लिप्या एका फाईलीत आणताना पुढचे नाटक झाले. वर्डमध्ये इंग्रजीसाठी फॉन्टचा एक कप्पा असतो आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी दुसरा. आमची मराठी आणि आमची उर्दू, दोघी त्या दुसऱ्याच कप्प्यात. सबंध पुस्तकाला मराठी फॉन्ट लावला की उर्दू ओळींचे नस्तालीक उडून कुठलातरी नस्ख फॉन्ट येई. नस्तालीक लावले की मराठीचे रूप बदले. लिब्रे ऑफिसमध्येही रचना तीच. इथे भाषेवरून वाद घालणाऱ्यांनी दोघींना वेगळ्या घरांत कोंडले. कॉम्प्युटरने एकाच खोलीत ठेवले आहे, आणि त्याचा त्रास आम्ही आनंदाने सोसला.

उपाय आहे. उर्दू ओळीसाठी एक वेगळी ‘स्टाईल’ करायची: दिशा उजवीकडून डावीकडे, फॉन्ट नस्तालीक, ओळीची उंची ठरावीक आणि सढळ, कारण नस्तालीक शब्द मराठीपेक्षा खूपच उंच जागा मागतो. फॉन्ट कधीही हाताने निवडायचा नाही, स्टाईलच लावायची. मराठी वाक्यात एखादा उर्दू शब्द हवा असेल तर तो देवनागरीतच लिहावा. एका ओळीत दोन दिशा आल्या की पूर्णविराम पळून ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

मग अखेर कोणता प्रकार? आमचे हस्तलिखित डॉक-एक्समध्ये आहे. जुना डॉक प्रकार २००३ पर्यंतच्या वर्डचा. त्याच्या आत डोकावता येत नाही. २००७ च्या ऑफिसपासून आलेला डॉक-एक्स म्हणजे खरे तर एक झिप केलेले गाठोडे, आत मजकूर साध्या वाचता येण्याजोग्या रूपात. याचा प्रत्यय आम्हांला आला. पेनड्राईव्हवर साठवताना वीज गेली आणि १४० पानांची फाईल वर्ड उघडेना. तिची एक नक्कल करून शेपटीचे नाव झिप केले, गाठोडे सोडले, आत ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘डॉक्युमेंट’ नावाची फाईल होती. तिच्यात खुणांच्या जंगलात का होईना, सगळी गाणी सापडली. पुढे तीच बिघडलेली फाईल लिब्रे ऑफिसच्या रायटरने सरळ उघडली. म्हणून मशीनवर दोन्ही असावेत. रायटरचा स्वतःचा ओडीटी हा प्रकारही खुला आहे, २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि आम्हांला मनापासून आवडतो. पण प्रकाशकाकडचा ऑपरेटर इनडिझाईनमध्ये काम करतो आणि इनडिझाईन डॉक-एक्स सरळ आत घेते, ओडीटी घेत नाही. लेखकाची आवड तिथे थांबते.

पीडीएफही सोबत द्यावी, पण पाहण्यासाठी. ऑपरेटरने पुस्तक पीडीएफमधून उचलू नये. त्यातून मराठी उचलली की पहिली वेलांटी बहुधा जागा सोडते. पीडीएफ ही आपल्या डोळ्यांसमोर काय होते याची साक्ष. छापील प्रूफ तिच्याशी ताडून पाहायचे. आणि सगळा मजकूर यूटीएफ-८ मधल्या साध्या टेक्स्टमध्येही एकदा साठवून ठेवावा. त्यात रूप नाही, मांडणी नाही, पण अक्षराला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

ऑपरेटर पुण्यातला तरुण आहे, उर्दू त्याला येत नाही. फोनवर म्हणाला, “सर, ती उलटी ओळ बरोबर आहे का, हे मला कसं कळणार?” आम्ही प्रत्येक गाण्याला क्रमांक दिला आणि उर्दू, देवनागरी, अर्थ या तिन्ही ठिकाणी तोच लिहिला. क्रमांक जुळला की गाणे जुळले. त्याला ही युक्ती इतकी आवडली की त्याने एका संस्कृत पुस्तकालाही तीच लावली.

शेवटच्या तीन गाण्यांसाठी आम्ही तळटीप लिहून पान मोकळे सोडणार होतो. अम्मीने ऐकले नाही. “सवालां हैं तो सवालां-च छापो,” म्हणाली. त्याप्रमाणे प्रश्नचिन्हांचे तीन सांगाडे, शब्दागणिक जागा सोडून, जसेच्या तसे फाईलीत ठेवले. पहिले प्रूफ आले तेव्हा ती पाने कोरी होती. ऑपरेटरने फॉन्टचा दोष समजून चिन्हे काढून टाकली होती. पुन्हा फोन, पुन्हा फाईल. दुसरे प्रूफ गेल्या आठवड्यात आले. प्रश्नचिन्हे आपापल्या जागी आहेत. अम्मी सध्या तेच प्रूफ वाचते आहे, पेन्सिल घेऊन, आणि दोनशे बाराव्या गाण्यापाशी थांबली आहे.